सागोतीबरोबरची वाइन

सकाळपासून मी चार वेळा पातेल्याचं झाकण उघडलं नि चार वेळा ठेवलं. मटणाच्या सागोतीत मीठ घातलं की नाही, आठवेना. दुसरी कोणी असती तर चमचाभर चाखून मोकळी झाली असती. मी चाखून काय करू? गणपतीत ताप आला, आणि जाताना चव नि वास दोन्ही घेऊन गेला. तीन महिने तोंडात घास म्हणजे ओला कापूस. तिखट तेवढं कळतं, तेही भाजतं म्हणून.

घरात हे कोणाला ठाऊक नाही. आमच्याकडे नैवेद्याआधी जेवण उष्टं करत नाहीत. न चाखता रांधायचा मला चाळीस वर्षांचा सराव, आख्ख्या मुलुंडमध्ये तो मिरवलाय. आता सांगितलं की सून म्हणणार, "आई, तुम्ही आराम करा." म्हणजे शेगडी सुटली. मग मी ह्या घरात कॅलेंडरासारखी, भिंतीला.

आणि नेमकी आज रुचिराची साहेबीण जेवायला. रुचिरा माझी सून, परदेशी वाइन आणणाऱ्या कंपनीत असते. फ्रान्समधल्या काओर गावची लाल वाइन मालवणी जेवणाबरोबर द्यायची, अशा सहा पंगती तिने सुचवल्या होत्या. जेवण पसंत पडलं तर त्या पंगती तिच्या.

"आई, बसा ना जरा. किती येरझाऱ्या?"

"तू तुझे ग्लास पूस."

सुहासिनी, म्हणजे साहेबीण, आली. चपला बाहेर काढल्या, म्हणून पाणी मी स्वतः दिलं. वाइन कसली, शाईच. दोघी ग्लासात नाक खुपसून बसल्या. "मनुका. थोडा तंबाखू," साहेबीण म्हणाली. मी गॅलरीत जाऊन आले.

"काकू, घोटभर घ्या. जेवण तुमचं, जोडी तुम्हीच सांगा."

"आई नाही घेत..." रुचिरा घाईने म्हणाली.

"का? मला तोंड नाही?"

घेतला घोट. काय सोंग आणावं ते ठरवत होते, तेवढ्यात टाळा आवळला. गालफडं आत ओढली. काजूचं कच्चं बोंडू खाल्लं की होतं तसं! चव नव्हतीच, पण तीन महिन्यांत प्रथम माझ्या तोंडात काहीतरी घडलं.

"कडक आहे ना?" साहेबिणीने विचारलं.

"कडक कसली? घसा धरते ही. हिला चरबी पाहिजे." मी वाढलेल्या वाटीतला चरबीचा तुकडा खाल्ला, वर घोट घेतला. टाळा सुटला. मग नुसता रस्सा, वर घोट. आग! "मिरची निम्मी करायची नि खोबरं वाढवायचं. नाहीतर तुझी माणसं बोंबलत घरी जातील."

सुहासिनी भराभर लिहीत होती. "काकू, हे कळायला मला वर्ष लागलं."

फुगले मी. आणि तिने वाटी पुढे ओढली, वडा मोडला, रश्शात बुडवला.

गप्प राहायचं? मीठ असेल तर सुटले. नसेल तर? दोन वर्षं रुचिरा ऑफिसातून येऊन वाइनची पुस्तकं घोकत होती.

"थांब गो! रुचिरा, आधी तू मीठ बघ."

"आत्ताच तर तुम्ही खाल्लंत."

"मला कळत नाही. गणपतीपासून. बघ म्हणते ना!"

तिने बोट बुडवून चाटलं. "आई, मीठच नाहीये." मग माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मंगळवारची आमटी..."

"काय झालं होतं तिला?"

"समुद्र होती. आम्ही पाणी पीत गिळली."

"मग बोललात का नाही?"

"तुम्हाला? कोण बोलणार?"

साहेबीण हसू दाबायला ग्लासात तोंड घालून बसली. रुचिराने मीठ घातलं, ढवळलं, चाखलं, पुन्हा चिमूट घातली. माझ्या शेगडीपाशी तिचा हात फिरत होता आणि माझे पाय एका जागी ठरत नव्हते.

सुहासिनी जेवली. वडा, तुकडा, घोट. दुसरा वडा मागून घेतला. "छान जमलंय. पण पंगतींना रांधणार कोण?"

मी तोंड उघडायच्या आत रुचिरा म्हणाली, "रांधणार आई. मीठ मी बघणार."

विचारलं नाही तिने, सांगितलं. माझ्याच स्वयंपाकघरात, परक्या बाईसमोर.

"बघ," मी म्हटलं, "पण माझ्या देखत."

"बरं. आणि उद्या डॉक्टरकडे."

"ते पंगती झाल्यावर."

"उद्या, आई."

मी वडे तळायला घेतले.