मागचे चार डबे

युरोपातल्या रेल्वेचं कौतुक करायला राजनरावांना निमित्त लागत नसे. आखातातल्या शहरात, अल नहदा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर कुणीही जेवायला येवो, वरणभात संपायच्या आत ऑस्ट्रिया आलाच म्हणून समजा. नऊ सतराची गाडी नऊ सतरालाच सुटते! आणि अमेरिकेत? पाच तास माळावर उभी. का, तर आधी मालगाडी जाऊ द्यायची. माणसांपेक्षा डब्यातल्या मक्याला मान!

त्या शनिवारी मात्र निमित्त होतं. पुढच्या महिन्यात व्हिसा कॅन्सल करून, तेवीस वर्षांचा संसार आवरून दोघं पुण्याला परतणार होती. त्याआधी एक शेवटचा रेल्वेप्रवास मुलाकडून, निनादकडून भेट. तो त्याच शहराच्या मरीना भागातून लॅपटॉप घेऊनच जेवायला आला होता.

"बाबा, युरोप की अमेरिका? आत्ता बुक करतो, खलास. पासपोर्ट द्या दोघांचे."

"विचारायचं काय त्यात? युरोप!" राजनरावांनी कमरेचा पाउच उघडला.

"आणि या वेळी आईला हरवू नका," निनाद हसला.

तो किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. ऑस्ट्रियात जवळचं टॉयलेट बंद होतं, म्हणून शोभनाताई खाऊन झाल्यावर डबी धुवायला मागच्या डब्यांत गेल्या. पुढच्या स्टेशनात गाडीचे दोन भाग झाले. पुढचे डबे एका गावाला गेले, मागचे चार दुसऱ्याच गावाला. पासपोर्ट, तिकिटं, दोघांचे फोन, सगळं राजनरावांच्या पाउचमध्ये. आखाती देशात राहिलेल्या या माणसाला कागदपत्रं अंगावर असल्याशिवाय घास उतरत नसे.

"आणि मी शोधत पोचतो तर ही स्टेशनातल्या बाकावर बसलेली, हातात लसणाच्या चटणीची डबी!" राजनरावांनी नेहमीप्रमाणे टाळीसाठी हात पुढे केला.

शोभनाताई हसल्या नाहीत. "आल्या आल्या तुम्ही काय म्हणालात, ते नाही सांगत कधी."

हात तसाच राहिला.

"तुझ्यामुळे पुढची गाडी चुकली, म्हणालात. दीड तास बसले होते मी. फोन नाही, पैसे नाहीत, भाषा येत नाही. तुम्ही दिसलात की रडायचं ठरवलं होतं. तुम्ही घड्याळ दाखवलंत."

"बाबा, सीरियसली?" निनाद म्हणाला.

राजनरावांना अमेरिकेतला तो माळ आठवला. उभी गाडी, खिडकीबाहेर कापलेल्या मक्याचे खुंट, आणि शोभनाताईंची दशमी चवीने खाणारी समोरची म्हातारी. तासभर त्यांनी चिडचिड केली होती. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा आपल्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ते पहिल्यांदा बायकोशी बोलले. बोलता बोलता तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. गाडी हलली तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "वाटलं, आता तू सापडत नाहीस. आणि सापडलीस तर ओरडलो. चुकलंच माझं."

शोभनाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"निनाद, अमेरिका कर," राजनराव म्हणाले.

"बाबा, ती गाडी लेट असते हां."

"असू दे."

निनादने नंबर टाकून पासपोर्ट परत केले. राजनरावांनी एकच पाउचमध्ये ठेवला. दुसरा शोभनाताईंपुढे सरकवला.

"हा तुझा तुझ्याजवळ ठेव."

शोभनाताईंनी हात पुसले, पासपोर्ट घेतला. "आणि माझा फोनही," त्या म्हणाल्या.