पत्र्याखालचे लावे

जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवर आमची वस्ती. नळाला पाणी यायच्या आधी आम्ही सगळे विहारासमोर जमून एक मोठं जाळं डोक्यावर उचलतो. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं विचारतात, "काय, मॅच कधी?" विचारू देत. जाळं वेसाव्याच्या कोळ्यांचं आहे, मासळीचा वास अजून गेलेला नाही.

भंतेजींनी एकदा लाव्यांची गोष्ट सांगितली होती. शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडलेला लाव्यांचा थवा एका दमात जाळ्यासकट उडाला. पुढे एकदा पुन्हा जाळ्यात असताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडला, भांडण जुंपलं, 'तूच उचल, तूच उचल' झालं, आणि शिकाऱ्याची टोपली भरली. इतरांनी गोष्ट ऐकली. द्रौपदीमावशीने ती कामाला लावली. जाळं तिचं, नियमही तिचा: ज्याचा पाय तुडवला जाईल त्यानेच 'मीच मध्ये आलो' म्हणायचं, आणि ते ऐकू येईपर्यंत कुणी हलायचं नाही.

"तुडवणारा माफी मागतोच," मावशी म्हणायची. "गोष्टीतल्यानेही मागितली होती. ऐकणारा फुगून बसला, तिथे वाट लागली."

मग पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातला माणूस मोजायची टेप घेऊन आला. विहाराची शेड नाल्याच्या हद्दीत येत होती. तो म्हणाला, "मोडून पुन्हा बांधाल तर नवीन बांधकाम, परवानगी मिळणार नाही. तशीच्या तशी सरकवली तर जुनीच. सोमवारी पाडायची गाडी येतेय."

मावशीचा दीर दादू म्हणाला, "क्रेन आणा." पण गल्लीत रिक्षा वळत नाही, क्रेन कुठली येणार?  मावशीच्या मुलाच्या, चैतन्यच्या, लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसणार यावरून दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं. मावशी आमच्याकडे वळून एवढंच म्हणाली, "रोज उचलतो ते कशासाठी?"

रविवारी सकाळी बुद्धमूर्ती शेजारच्या तेजलच्या घरी नेली, खांबांचे बोल्ट सोडले, आडवे बांबू बांधले आणि अख्खी वस्ती पत्र्याखाली शिरली. मावशी म्हणाली, "उचला." खोटं वाटेल, पण पहिल्याच झटक्यात शेड इतकी वर गेली की समोरच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या अनुपमाबाईंची वाळत घातलेली साडी पत्र्याला अडकून आमच्यासोबत निघाली. दोन घारी घाबरून आरे कॉलनीकडे गेल्या.

निम्म्या वाटेवर दादूचा बूट मावशीच्या पायावर पडला.

सगळे जागच्या जागी थांबले. सवयच ती. विहार हवेत, आणि मावशी काही 'मीच मध्ये आले' म्हणेना.

"मावशी, बोल ना गं," तेजल कळवळून म्हणाली.

"वहिनी, चुकून पडला," दादू पुटपुटला.

"तुम्ही नका बोलू. नियम माझा आहे."

"मग बोल की," मागून कुणीतरी म्हणालं. "माझ्या खांद्याचा खुळखुळा झालाय."

नाल्याकाठी उभा वॉर्डातला माणूस आमच्याकडे बघत होता. एक बांबू कडकडला. मावशीने डोळे मिटले. ज्या बाईने अख्ख्या वस्तीला झुकायला शिकवलं, तिचीच मान लोखंडी अँगलसारखी ताठ. रोज सकाळी ती हेच वाक्य कुणाकुणाला म्हणायची, पण दादू नेहमी पलीकडच्या टोकाला असायचा.

"मीच मध्ये आले, भावजी," ती दातांतून म्हणाली. "आता बूट काढा पायावरून."

दादूने पाय उचलला आणि शेड अशी सुटली की पुढच्यांना पळावं लागलं. टेकडीच्या बाजूला नेऊन आम्ही ती टेकवली. घाम पुसायलाही कुणाचा हात वर होईना.

वॉर्डातल्या माणसाने टेप लावली. एक कोपरा अजून वीतभर हद्दीत होता. त्याने आमचे चेहरे पाहिले आणि टेप गुंडाळली.

"राहू दे मावशी. वीतभर कोण बघतंय?"

"उद्या तुझ्या जागी दुसरा येईल, तो बघेल," मावशी म्हणाली. तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. तिने पदर खोचला, दादूच्या शेजारचा बांबू धरला आणि म्हणाली, "उचला."