राजज्योतिष्यांची पौर्णिमा

दामोदरपंत हे संस्थानाचे राजज्योतिषी. संस्थान विलीन होऊन पाच वर्षं झाली, राजा मुंबईला राहायला गेला, तरी रोह्याच्या घरावरची पाटी काही उतरली नव्हती. पंतांच्या खापरपणजोबांनी खाडीत काठी रोवून भरती-ओहोटी टिपली, राजाची गलबतं कधी चिखलात रुतू दिली नाहीत, म्हणून हे पद घरात आलं. पणजोबा निदान तारे बघत. आजोबा पंचांग बघत, वडील राजाचा चेहरा. पंत कशाकडेच बघत नसत. लोकांनी आपल्याकडे बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

पेणच्या खाडीकाठी बायजाबाईचं दीड एकर भातशेत होतं. नवऱ्यामागे तेवढंच उरलेलं. माघात तिच्या शेतालगतचा बांध फुटला. ते भगदाड लवकर बुजवलं नाही, तर खारं पाणी शिरून तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवमीला भरती अगदी मंद आणि दुपारी ओहोटी, म्हणून बांध नवमीलाच घालायचा.

पण यंदा गावाला थोरपणाचे डोहाळे लागले. गावचा पुढारी कान्हू थेट रोह्याला जाऊन मुहूर्त घेऊन आला. नवमी रिक्ता तिथी, वर्ज्य. पौर्णिमा, दुपारी बारा. बायजाबाईने कपाळावर हात मारला. पौर्णिमेला बारा म्हणजे ऐन उधाणाची भरती. तिने कान्हूला परोपरीने सांगितलं. राजाचा जोशी चुकंल व्हय, म्हणून त्याने तिलाच गप्प केलं.

नवमीला दुपारी फुटक्या बांधात जेमतेम घोटाभर पाणी होतं. गावातले चाळीस धडधाकट बाप्ये मुहूर्त नाही म्हणून देवळात पत्ते कुटत बसले होते. बायजाबाईने एकटीने आठ-दहा घमेली चिखल टाकला आणि त्यांना शिव्या घालत, रडत घरी आली.

पौर्णिमेला पंत जरीची पगडी घालून बांधाच्या टोकाला उभे राहिले. नारळ फुटला, बाराच्या ठोक्याला चिखल पडला, आणि पडला तसा वाहून गेला. दोन हातांचं भगदाड दहा हातांचं झालं. बायजाबाईच्या शेताची खाडी झाली. ग्रहांपुढे कुणाचं चालतं, असं पंत म्हणाले. तेवढ्यात मागचाही बांध खचला आणि पंत दोन्हीकडून पाण्यात अडकले.

“बाई, हे पाणी उतरेल कधी?” त्यांनी विचारलं.

“राजाचे जोशी तुमी,” बायजाबाई म्हणाली. “तुमीच सांगा.”

पंतांनी पिशवीतून पंचांग काढलं. आणि चिखलात उभे असलेले चाळीसजण हात जोडून ते काय सांगतात याची वाट बघू लागले.