दोनदा मोजलेली पार्सलं

आमच्या साहेबांचा माणसांपेक्षा आलेखांवर जास्त विश्वास, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना आलेखराव म्हणतात. पार्सलं पोचवणाऱ्या आमच्या कंपनीत त्यांनी भिंतीवर एक भलामोठा स्क्रीन लावून घेतला होता. त्यावर माझ्या सर्व्हरांचं नेटवर्क दिवसभर लाल दिसायचं, नव्वद टक्के भरलेलं.

माझे सर्व्हर तीनच. पूर्वी तिथे चाळीस जुनाट पेट्या घरघरत असायच्या. त्या सगळ्यांचं काम मी दोन वर्षं खपून या तिघांच्या पोटात बसवलं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना, म्हणजे एका खऱ्या यंत्रात नांदणारी दहा-पंधरा यंत्रं. आता आलेखराव म्हणत होते, एवढ्या गर्दीने वायर तुंबली, हा संसार मोडा आणि पेट्या परत आणा. चार वाजताच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब होणार होतं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. वायर तुंबली असती तर खाली गोदामात बोंब उठली असती, आणि तिथून तर एकही तक्रार नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत वर्दळ थंडावली तेव्हा मी तिसऱ्या सर्व्हरवरून एक मोठी फाईल पाठवली आणि आकडे बघत बसले. आधी आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क कार्डाने ती मोजली. मग तीच फाईल बाहेर पडताना खऱ्या कार्डाने मोजली. आणि स्क्रीनमागच्या प्रोग्रामने दोन्हींची बेरीज करून छातीठोकपणे दुप्पट आकडा दाखवला. "सापडलास," मी त्याला म्हणाले, आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, एकच पार्सल फाटकावर मोजलं आणि पुन्हा गोदामाच्या दारात मोजलं, तर दोन पार्सलं आली म्हणाल का?"

"उदाहरण झकास आहे," ते म्हणाले. "पण यंत्र तुमचं, चाचणी तुमची आणि निकालही तुमचाच. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकेन."

दुसरं कुणी म्हणजे कोण, हे मला ठाऊक होतं. सर्व्हरमधून निघालेल्या वायरी शेजारच्या खोलीतल्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या यंत्रात जातात, आणि तो स्विच आपली वेगळी मोजणी ठेवतो. ती खोली माझ्या नणंदेची. घरी आमचं बरं चालतं, पण ऑफिसात ती वायरवाली आणि मी सर्व्हरवाली, म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य. काही बिघडलं की ती माझ्याकडे बोट दाखवते आणि मी तिच्याकडे. त्यात नेटवर्क भरलंय म्हणून साहेबांनी नुकतेच तिला नवे स्विच कबूल केले होते. त्यांच्यासाठी तिने कित्येक वर्षं साहेबांचे उंबरठे झिजवले होते.

ती जमिनीवर बसून वायरींना चिठ्ठ्या चिकटवत होती.

"वन्सं, एक काम होतं."

"वन्सं म्हणालीस म्हणजे मोठंच असणार. बोल, वहिनी."

मी सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप ओढला, स्विचमध्ये माझ्या सर्व्हरांच्या वायरी जिथे शिरतात त्या पोर्टांची मोजणी उघडली आणि आकडे ताडून पाहिले.

"पंचेचाळीस टक्के," ती म्हणाली. "तुझं बरोबर आहे. पण हे मी साहेबांना सांगितलं की माझे स्विच गेले, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग आलीस कशाला?"

"दुसरं कुणाकडे जाऊ?"

ती पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळली. मी परत आले. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर स्वतःलाही द्यायची माझी तयारी नव्हती.

चार वाजता आलेखराव स्क्रीनखाली उभे राहिले. "तर मग पेट्या परत आणायचं ठरलं."

"नाही ठरलं," नणंद म्हणाली आणि तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "वायरीच्या माझ्या टोकाला निम्माच आकडा आहे. वहिनी खरं बोलतेय. तुमचा प्रोग्राम दोन्ही कार्डं धरतो. व्हर्च्युअलवरची खूण काढा आणि बघा."

साहेबांनी स्वतः माउस हातात घेतला. लाल पट्टी सरसर खाली आली, हिरवी झाली आणि पंचेचाळीसवर थांबली. हिशोबवाल्या काकांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठीच टाळ्या वाजवत होते.

"म्हणजे निम्मी जागा रिकामी आहे," आलेखराव म्हणाले. "मग बिलिंगच्या जुन्या यंत्रांचं कामही यांच्याच सर्व्हरांवर आणा." आणि नणंदेकडे वळून, "तुम्हाला मात्र आता नवे स्विच कशाला?"

"खोट्या आकड्यावर मिळणार असतील तर नकोतच," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता, पण नजर टेबलावर होती.

मी उठून उभी राहिले. "साहेब, बिलिंग आलं की गर्दी वाढणार, आणि ती खरी असणार. यांच्या जुन्या स्विचवर मी बिलिंग आणणार नाही. आधी नवे स्विच."

सर्व्हरवालीने वायरवालीसाठी काही मागितल्याचं त्या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं. आलेखरावांनी एकदा हिरव्या पट्टीकडे पाहिलं, एकदा आम्हा दोघींकडे, आणि मान डोलावली.

"वहिनी," नणंद म्हणाली, "हे लेखी दे."

मी तिथल्या तिथे लिहून दिलं.