कुडातली फट

फैजपूरच्या भाईदास नानांना काहीही बोला, हसून सोडून देतील. त्यांच्या केळीच्या बागेला नावं ठेवलीत की माणूस उखडलाच म्हणून समजा. त्या डिसेंबरात बाग निसवायला आली होती, म्हणजे खोडांच्या पोटातून घड बाहेर पडायच्या बेतात होते. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या प्रमिलेची सोयरीक जमत होती. रावेरचे चुडामण पाटील महिनाअखेरीला यायचे होते. आता आमच्याकडे मुलगी पाहायला आलेला माणूस चहा पिता पिता बागेवरही नजर फिरवतोच. मग नानांनी काय करावं? बागेच्या उत्तरेला वारा अडवायला लावलेली शेवरीची दाट रांग सरसकट तोडून टाकली. का, तर रस्त्यावरून बाग दिसावी! कुंदाबाईंनी कपाळाला हात लावला, पण नवऱ्यापुढे बोलणार कोण?

बोलली ती पुतणी, कुमुद. नानांच्या वारलेल्या थोरल्या भावाची ही लेक पुण्याला हवामानाचा अभ्यास करायची. सुट्टीला आली आणि बॅग ठेवून थेट बागेत गेली.

"नाना, शेवरी कुठे गेली?"

"तोडली. काहून?"

"आणि थंडी आली म्हणजे?"

नानांनी बाहीने घाम पुसला. "पोरी, पंखा लावा लागून राह्यला अन् तू थंडीचं काय घेऊन बसली?"

त्या संध्याकाळी टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी उपग्रहाचं चित्र आलं. कुमुद उठली आणि तिने लंकेच्याही खाली, समुद्रात, बोट टेकवलं. तिथे ढगांचा भलामोठा पुंजका होता. "हा पूर्वेकडे सरकतोय, नाना. पुढे हे ढग विरतात, पण वरच्या वाऱ्यातला त्यांचा रेटा पृथ्वीला फेरी घालून महिना-दीड महिन्याने परत येतो. इथून सरकताना तो उत्तरेचे वारे वाकवतो. मग पंधरा-वीस दिवसांत हिमालयाकडची थंडी खाली घसरायचा संभव वाढतो."

"संभव?"

"संभवच. अमुक वारी येईल असं कोणीच सांगू शकत नाही. यंदा कल तसा दिसतोय, एवढंच."

नाना मांडीवर थाप मारून हसले. "लंकेखालचा ढग अन् फैजपूरची केळ! या दोघायची सोयरीक कोनं जमोली वं?"

सकाळी विहिरीचं पाणी पाटातून बागेत चाललं होतं. कुमुदने दांड अडवून पाणी तुंबवलं, ते निवल्यावर नानांना म्हणाली, "इथे पाय घाला, आणि ते दूरचं पान बघा." नानांनी पाय घातला. पार टोकाला तरंगणारं वाळकं पान डुललं. नानांनी पाय काढला, पुन्हा घातला. पान पुन्हा डुललं. साठीचा माणूस, धोतर वर खोचून किती वेळ तोच खेळ करत बसला. जन्म गेला पाटाच्या पाण्यात, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

"तिकडे ढग पाय घालतात," कुमुद म्हणाली, "आणि इकडे आपण डुलतो."

त्यानंतर नाना रोज टीव्हीपुढे सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागले. पुंजका खरंच सरकत होता. लंकेखालून सुमात्राकडे, तिथून आणखी पुढे, पोरीने सांगितलं होतं तस्सा. नानांच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं धूड, ना आवाज ना गाजावाजा, आणि निघालंय आपलं जगाच्या फेरीला! "ओ माय," ते पुटपुटले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

शेवरी काही रात्रीत उगवणार नव्हती. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचे भारे आले, फाटकी बारदानं आली आणि उत्तरेला कुडाची भिंत उभी राहिली. दिसायला अगदी दळभद्री. येणारे-जाणारे घाम पुसत फिदीफिदी हसायचे. नानांनी सगळं सोसलं, पण रस्त्यासमोर बैलगाडीएवढी फट ठेवलीच. पाहुण्यांना आतली बाग दिसायला नको?

"नाना, हीसुद्धा बुजवा."

"राहू दे वं. एवढ्याशा फटीतून काय बठ्ठीच्या बठ्ठी थंडी येनार हाये?"

आणि मग ती आली. आधी उत्तरेला ढग दिसले, विरले, आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं आणि वारा फिरला. आठवडाभर माणसं शेकोटी सोडेनात, नानांचंही बागेकडे जाणं झालं नाही, हौदाच्या पाण्यात हात घालवेना. गावातल्या बागा पिवळ्या पडू लागल्या. आता कोणी हसत नव्हतं.

चुडामण पाटील आले ते त्याच आठवड्याच्या शेवटी. नाना त्यांना फटीपाशी घेऊन गेले आणि जागीच थबकले. कुडाआडची बाग हिरवीगार होती, घड बाहेर येत होते. फटीसमोरून मात्र आतपर्यंत पट्टाच्या पट्टा करपला होता. पानं काळवंडलेली, घड खोडाच्या गळ्यात अडकलेले. फट जेवढी, पट्टा तेवढाच. जणू कोणी पाहुणा याच दारातून आत चालत गेला होता.

"हे काय झालं हो, भाईदासभाऊ?" चुडामणांनी विचारलं.

खोटं बोलायला काही अवघड नव्हतं. रोग म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण नानांचे डोळे भरून आले होते, आणि ते दुःखाने की नवलाने, त्यांनाच कळेना. त्यांनी अडकलेल्या घडाच्या खोडावर तळहात ठेवला.

"लंकेखालून निघालं व्हतं, पाटील. पोरीनं मले सांगतलं व्हतं. तुमाले बाग दिसावी म्हनून मी दार ठेवलं, अन् तुमच्या आधी ते येऊन गेलं."

चुडामणांनी काळवंडलेलं एक पान बोटांत चुरडून पाहिलं. नाना मागे उभ्या असलेल्या कुमुदकडे वळले. "आता कुठी असंल ते?"

"फार लांब, नाना. पण जोर टिकला तर महिन्याभराने पुन्हा फिरून येईल."

नानांनी पागोटं सारखं केलं, कोपऱ्यातला पऱ्हाटीचा भारा ओढला आणि पाहुण्यांच्या देखत फट बुजवायला घेतली. भारा जड होता, एकट्याला उचलेना. चुडामण पाटलांनी बाह्या वर केल्या आणि दुसरं टोक धरलं.

"उचला, व्याही," ते म्हणाले.