सव्वा मूठ गहू

आमच्या सोनगीरला श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला कण द्यायचा नाही. माझे सासरे मगन आबा, यांची मूठ मरेपर्यंत, बेचाळीस वर्षं, कुणी मोजली नाही.

तो हुकूम त्यांच्या चुलतभावाचा, नवलचा; भावकीत त्याचा शब्द चालायचा. दुसऱ्या महायुद्धात आबा इटलीत फौजेची खेचरं हाकायचे. तोफगोळ्यांच्या पेट्या दरीत फेकल्या म्हणून त्यांना कैद झाली आणि नोकरी गेली. "पेट्यांच्या जागी दोन पोरं घातली होती," असं त्यांनी घरी सांगितलं. नवलला ती पळपुट्याची सबब वाटली; तो हसला. "भगोडानी मूठ काढी टाका," म्हणाला.

मी सून होऊन आले तेव्हाही तेच. आत पंगत रोट खायची आणि आबा पायरीवर भाकरी-चटणी. नवलचा मुलगा अभिमन पायरी उतरताना मुद्दाम त्यांच्या ताटलीला पाय लावून जायचा. आबा म्हणायचे, "जाऊ दे पोरी." मी जाऊ दिलं नाही. आबा गेल्यावर ती चेपलेली ताटली मी फडताळात जपून ठेवली.

यंदा जेठ महिन्यात एक परदेशी तरुण दारात आला आणि त्याने पिशवीतून पितळी तांब्या काढला. वर आमच्या तांबटाने घातलेलं नाव: मगन, सोनगीर. माझा मुलगा स्वप्नील याने त्याचं इंग्रजी मला सांगितलं. त्याची आजी आणि तिचा भाऊ ज्यू. जर्मन सैनिक घरोघर ज्यूंना शोधत होते, तेव्हा ही दोन पोरं एका पडक्या गिरणीत लपली होती. आबांनी पेट्या फेकल्या, पोरांना खेचराच्या टोपल्यांत गवताखाली झाकलं आणि दोन दिवस गोळीबारातून वाट काढत आपल्या तळावर आणलं. निरोप घेताना हा तांब्या त्यांना दिला. सापडले असते तर तिघेही जागेवर मेले असते. आजी आता अठ्ठ्याऐंशीची आहे. मी पदर तोंडाला लावून रडले, आणि मग त्या मुलाला म्हटलं, श्रावणात परत ये.

नवल कधीच मेला. अभिमन मात्र हयात आहे. बातमी गावभर झाली आणि आठवड्याभरात हमरस्त्यावर त्याचा फ्लेक्स लागला, 'आमचे वीर काका', त्यात आबांपेक्षा त्याचाच फोटो मोठा. यंदा कानबाईची पाळी आमच्या घरी होती आणि गहू मीच मोजणार होते.

कानबाईच्या दिवशी अभिमन फेटा बांधून, पत्रकार घेऊन आला आणि पाहुण्याच्या शेजारी पंगतीत बसला. मी रोट वाढत गेले. पाहुण्याला वाढला, अभिमनला ओलांडून पुढे गेले.

"वहिनी, मना रोट?"

"तुमनी मूठ मोजेल नही शे, भाऊ. या पोऱ्यानी मोजेल शे."

मी पायरीवर ती चेपलेली ताटली ठेवली. भाकरी, चटणी. सगळे भाऊबंद आपापला रोट मोडत राहिले. पत्रकारांसमोर उठून निघून जाण्याची अभिमनची हिंमत झाली नाही. तो पायरीवर जाऊन बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पाहुण्याला काही कळेना. तो उठला, आपला अर्धा रोट मोडून अभिमनकडे न्यायला लागला. अगदी आबांसारखा. क्षणभर मला त्यांचं 'जाऊ दे पोरी' आठवलं. मग मी त्याचं मनगट धरलं.

"घरना रोट भाईर देतस नही," म्हटलं आणि त्याला परत पंगतीत बसवलं.