कोपरा उडालेला लाल तारा

मी एक जुना लाल तारा आहे. आकाशातला नव्हे, मित्रांनो, छातीवरचा. चांदीचं अंग, त्यावर लाल मिन्याचा काचेसारखा थर आणि मधोमध बंदूक घेतलेला शिपाई. सोव्हिएत टांकसाळीत मी घडलो आणि एका सैनिकाच्या कोटावर स्क्रूने घट्ट बसलो. त्याने मला मोठ्या अभिमानाने मिरवलं. एकदा फरशीवर आपटलो तेव्हा माझ्या एका कोपऱ्याचा मिना उडाला. सैनिक गेल्यावर मी या हातातून त्या हातात फिरत दातांच्या एका डॉक्टरांकडे आलो.

त्यांच्या सन्मानचिन्हांच्या संग्रहातला मी पहिला. दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात, मखमलीवर, अगदी मधोमध माझी जागा होती. दाढ ठणकत असलेल्या माणसालाही ते आधी मला दाखवायचे. पुढे आरमाराचं एक दुर्मीळ निळं सन्मानचिन्ह आलं आणि माझी रवानगी कडेला झाली. माझ्यासारखे लाखो असतात म्हणे. आता सगळे त्या आरमारी साहेबालाच डोक्यावर घेऊन नाचू लागले. खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट झाला.

साहेबाच्या निळ्या मिन्याची बारीकशी खपली उडालेली होती. एक मोठे जाणकार संग्रह बघायला येणार, म्हणून डॉक्टर हातात हत्यारं घेऊन बसले.

"अहो, आहे तसं राहू द्या की," त्यांची बायको म्हणाली.

"अगं, लोकांचे दात भरतो मी. एवढंसं भरता येणार नाही?"

दातात भरायच्या मसाल्यात त्यांनी निळा रंग कालवला, खड्डा भरला, घासून चकचकीत केला. माझा कोपरा इतकी वर्षं उघडा, पण माझ्यावरून कुणी साधा कापूसही फिरवला नव्हता.

जाणकार आले. त्यांनी भिंगातून साहेबाला बराच वेळ पाहिलं.

"हे कुणी भरलं?"

"मीच."

"डॉक्टर, तुटकं होतं तेच अस्सल होतं. आता याला कुणी विचारणार नाही." मग त्यांनी मला उचललं. "याला हात नाही ना लावलात?"

"छे हो. त्याच्याकडे कोण बघतंय?"

"म्हणून वाचला तो."

बायकोने तेच सांगितलं होतं, पण कान सोनारानेच टोचावे लागतात.

साहेब खालच्या खणात गेला आणि मी पुन्हा मखमलीवर मधोमध आलो. मनात म्हटलं, जिरली याची. पण आता रोज दवाखाना बंद करताना डॉक्टर तो खण उघडतात. त्याला तळहातावर घेतात, भरलेल्या जागेवरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "चुकलं रे माझं." मग दिवा मालवून जातात. माझ्याकडे वळूनही बघत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू उगाच दुरुस्त करत बसू नका. त्या आहेत तशाच जपा. पण जे तुमच्या हातून बिघडलेलं नाही, त्यालाही कधीतरी हातात घ्या. माझ्या उडालेल्या कोपऱ्यावरून अजून कुणी अंगठा फिरवलेला नाही.